साडूपेक्षा कमी भावात

आमचे भासरे चंपतराव बाजारात निघाले की नागपूरच्या जुन्या शुक्रवारीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना त्यांच्या मागे धाडत. कोणाला सायकल घ्यायची असे, कोणाला लेकीच्या लग्नाची भांडी, कोणाला नुसती सतरंजी. भाव पाडावा तो चंपतरावांनीच, असं आमच्या मोहल्ल्यात ठरून गेलं होतं. दुकानदाराशी ते कधी भांडत नसत. वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, खाली ठेवायची आणि दुकानदाराच्या तब्येतीची चौकशी करायची. पुन्हा उचलायची, पुन्हा ठेवायची. मग "बरं आहे, येतो" म्हणून उठायचं. दुकानाची पायरी उतरेपर्यंत मागून हाक येतच असे. ती हाक आली की त्यांचा चेहरा असा उजळे, जसा आरती झाल्यावर देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा असतो.

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, कांता. त्यांची बायको सुभद्राबाई माझी मोठी जाऊ. आम्ही दोघी माहेरच्याही शेजारणी. पारशिवनीला आमची घरं समोरासमोर, मधे फक्त रस्ता. त्यामुळे चंपतरावांचं नागपूरचं वागणंही मी पाहिलं आणि सासुरवाडीचंही.

खापरखेड्याच्या वीजघरात राख उचलायचं लहानसं कंत्राट त्यांच्याकडे होतं. माणूस कष्टाळू. दारू नाही, पत्ते नाहीत, शनिवारी मारुतीला तेल चुकत नसे. पण एक गोष्ट त्यांच्या पोटात कायम जळत राही, आणि ती गोष्ट म्हणजे त्यांचे साडू भैय्याजी.

भैय्याजी म्हणजे सुभद्राबाईच्या धाकट्या बहिणीचा, प्रेमिलाचा नवरा. सावनेरकडे त्यांची संत्र्याची बाग होती. अंगाने भरलेला, मोठ्याने हसणारा, हाताचा सढळ माणूस. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. एकच खोड होती. काही विकत घेतलं की कोणी विचारण्याआधीच तो भाव सांगून टाकी, आणि तो भाव नेमका चंपतरावांच्या भावापेक्षा कमी असे. आमच्या घरी रेडिओ होता. तसाच रेडिओ भैय्याजीने कमी पैशात आणल्याचं कळलं, आणि त्या दिवसापासून चंपतरावांना आमच्या रेडिओचा आवाज घोगरा वाटू लागला.

"बंद करा गा तो," ते म्हणत. "कानाले लागून राहिला."

घरातले आम्ही सगळे समजून होतो. भैय्याजी येऊन गेला की दोन दिवस सुभद्राबाई भाजीत मीठ बेतानेच टाकायच्या. कमीजास्त झालं तर बोलणं कोणत्या वाटेने जाईल ते त्यांना ठाऊक होतं.

सुभद्राबाईचे वडील, ज्यांना सगळं गाव नानाजी म्हणे, त्यांना मुलगा नव्हता. दोन मुली, दोन जावई. दसऱ्याला त्यांच्या ओसरीत शस्त्रांची पूजा होई. लाल कापडावर आजोबांच्या वेळची तलवार, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं घासूनपुसून मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची. पूजेच्या पाटावर बसायचा मान थोरल्या जावयाचा. लग्न झाल्यापासून तिथे चंपतरावच बसत आले. पितांबर नेसून, हळदकुंकवाचं ताट पुढे घेऊन ते बसले म्हणजे घरचाच मुलगा वाटायचे. खरं सांगायचं तर वर्षभरात तो एक दिवस असा होता, जेव्हा ते भैय्याजीकडे पाहून मनापासून हसत.

त्र्याहत्तर सालच्या दसऱ्याला भैय्याजी कमरेला चामडी पट्टा लावून आला. पट्ट्यात रिव्हॉल्व्हर. संत्र्याच्या मोसमात बागेतून रोकड घेऊन यावं लागतं म्हणून त्याने परवाना काढला होता. त्याने ती लाल कापडावर तलवारीशेजारी ठेवली आणि अख्खी गल्ली ओसरीत गोळा झाली. आतापर्यंत फौजदाराच्या कमरेशिवाय कोणी अशी वस्तू पाहिली नव्हती.

"केवढ्याची गा?" कोणीतरी विचारलं. विचारलं नसतं तरी त्याने सांगितलंच असतं.

"दुकानवाला सात हजार सांगे. मी साडेचारात उचलली."

"बापा."

"तिथं चंपतभाऊ असते तं त्यांनी चारातच आणली असती," भैय्याजी हसत म्हणाला. तो गमतीने म्हणाला. पण गंमत कोणाच्या कानात कशी शिरेल ते बोलणाऱ्याच्या हातात कुठे असतं.

तेवढ्यात नानाजी म्हणाले, "यंदा घरात नवं हत्यार आलं. ज्याचं हत्यार त्यानंच पूजेले बसावं. भैय्याजी, या."

चंपतराव देवघरातून पितांबर नेसून बाहेर आले तेव्हा पाटावर भैय्याजी बसलेला होता.  पूजा होईपर्यंत ते तसेच पितांबर नेसून खांबाला टेकून उभे राहिले. मी समोरच्या आमच्या दारातून पाहत होते. नंतर जेवणं झाली, पण त्यांनी पुरणाची पोळी अर्धी ठेवली.

नागपूरला परतल्यावर त्यांनी परवान्याचा अर्ज केला. निमित्त खोटं नव्हतं. मजुरांच्या पगाराचा हप्ता घेऊन त्यांना एसटीने खापरखेड्याला जावं लागे आणि वाटेत एकदा एका मुकादमाची पिशवी हिसकावल्याची गोष्ट झाली होती. पोलिसांच्या चौकशा झाल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून झालं, कचेरीच्या खेपा झाल्या. मधला दसरा आला तेव्हा त्यांना बरोबर ताप भरला. सुभद्राबाई एकट्याच पारशिवनीला गेल्या. त्या परतल्या तेव्हा त्यांनी अंथरुणातून एकच विचारलं.

"पाटावर कोण बसलं?"

"कोण बसणार," सुभद्राबाई म्हणाल्या आणि पिशवीतला फराळ काढायला लागल्या.

परवाना पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता हाती आला. हत्यार घ्यायची मुदत दिवाळीपर्यंत होती. तेवढ्यात घेतलं नाही तर परवाना रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून चौकशा. पण चंपतरावांची मुदत त्याच्याही आधीची होती. त्यांना ते दसऱ्याच्या आत पाहिजे होतं, आणि साडेचार हजाराच्या आत पाहिजे होतं. एक रुपया कमी का होईना, पण साडूपेक्षा कमी.

सीताबर्डीवर हत्यारांचं एक जुनं दुकान होतं. आम्ही दोघी जावा टेकडीच्या गणपतीला गेलो होतो, तिथून उतरून दुकानाबाहेर त्यांची वाट पाहत उभ्या राहिलो. आत त्यांचं सगळं नेहमीसारखं चाललेलं काचेतून दिसत होतं. रिव्हॉल्व्हर उचलली, उलटीपालटी केली, ठेवली. दुकानदाराला काहीतरी विचारलं, तब्येतीचंच असणार. पुन्हा उचलली, ठेवली. दुकानदार म्हातारा होता. तो गल्ल्यावर बसून पान लावत होता. त्याने मान वर केली नाही.

चंपतराव उठले. दाराबाहेर आले. पहिली पायरी उतरले, दुसरी उतरले. खालच्या पायरीवर वहाण नीट करायला म्हणून वाकले आणि बराच वेळ वाकलेले राहिले.

हाक आली नाही.

"काय म्हणे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"साडेसहा म्हणे. विलायतेहून माल येणं बंद झालं म्हणे, हायत तेवढ्याच जुन्या फिरून राहिल्या. भाव वरच जाईन, खाली येणार नाही म्हणे."

"मंग?"

"मंग काय. मस्तवाल माणूस हाय."

मला वाटतं ते चिडले ते भावामुळे नाही. आजवर त्यांच्या पाठीवर हाक मारली नाही असा दुकानदार त्यांना भेटला नव्हता. आणि भैय्याजीला मात्र कोणीतरी ती हाक मारली होती.

त्यानंतर एक निवृत्त जंगल अधिकारी झाले, कामठीचे एक मिलिटरीतले साहेब झाले. एकाची वस्तू फार गंजलेली, दुसऱ्याचा भाव फार चढा. घरी आम्हाला जेवताना तेच ऐकू येई. आमचे हे एकदा म्हणाले, "दादा, साडेचाराच्या वर थोडं गेलं तं काय झालं? मानाले काय भाव लागते?" त्यावर चंपतराव ताटावरून उठून गेले. हे पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

मग मारोतरावांनी बातमी आणली. मारोतराव आमच्या गल्लीतलेच, परवान्याच्या कचेरीत चपराशी. धंतोलीतले एक डॉक्टर वारले होते, त्यांच्या नावावर रिव्हॉल्व्हर होती आणि ती आता ठाण्यात जमा पडून होती. त्यांच्या बाईंना परवाना स्वतःच्या नावावर करायचा नव्हता, विकूनच टाकायची होती. मारोतरावांच्या ओळखीने चंपतराव ठाण्यात जाऊन ती पाहूनही आले. आले ते शीळ घालत. भैय्याजीच्या वस्तूपेक्षा नवी होती, नळीवर एक ओरखडा नव्हता.

"बाईमाणूस हाय, तिले काय भाव ठाऊक असणार," ते म्हणाले. "साडेतीनात देते का नाही पाहा."

घरात एकटी बाई, म्हणून त्यांनी सुभद्राबाईला बरोबर घेतलं, आणि सुभद्राबाईने मला.

डॉक्टरांच्या बाईंचं, कुसुमताईंचं घर दवाखान्याच्याच वर होतं. खाली अजून डॉक्टरांची पाटी होती. बाई साठीच्या, शांत. आम्हाला चहा दिला. देवघरात समई तेवत होती, त्याचा वास बैठकीपर्यंत येत होता.

"तुम्हीच सांगा काय द्यायचं ते," त्या म्हणाल्या. "मला ती घरात नको, एवढंच आहे. डॉक्टर रात्री खेड्यांवर व्हिजिटला जात, म्हणून घेतलेली. एकदाही उडवली नाही त्यांनी. उलट तीच कोणी चोरेल म्हणून जास्त घाबरायचे."

चंपतरावांना हातात घेऊन उलटीपालटी करायला वस्तू नव्हती. ते बशी फिरवत बसले. मग त्यांनी ताईंच्या तब्येतीची चौकशी केली. ताईंनी गुडघ्यांचं सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "साडेतीन देईन म्हणतो मी."

"हो का," कुसुमताई म्हणाल्या. "नाही, म्हणजे मला त्यातलं कळत नाही. पण परवा एक गृहस्थ आले होते, ते चार म्हणून गेले. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही."

"कोण होते?"

"नाव बघा, विसरले मी. डॉक्टरांचे पेशंट. म्हणजे त्यांच्या आईचं ऑपरेशन ह्यांनी केलं होतं. सावनेरचे. ती संत्री त्यांनीच आणलीत."

दाराजवळ संत्र्यांची टोपली होती. हिरवट, नव्या तोडीची. आम्ही तिघांनीही तिकडे पाहिलं.

सुभद्राबाई माझ्या कानात म्हणाल्या, "भैय्याजीच असतील. पण त्यायले दुसरी कायले पाह्यजे?"

हळू म्हणाल्या, पण चंपतरावांनी ऐकलं. एका कमरेला दोन. लाल कापडावर भैय्याजीच्या दोन आणि आपली एकही नाही. हे सगळं त्यांच्या डोळ्यापुढे उभं राहिलेलं मला त्यांच्या बशीवरून कळलं. ती फिरायची थांबली होती.

"साडेचार," ते म्हणाले.

"अहो, मग मला त्या गृहस्थांना एकदा विचारावं लागेल," कुसुमताई म्हणाल्या. "ते आधी आले होते. न विचारता दुसऱ्याला देऊन टाकणं बरं दिसत नाही."

"पाच. अन आत्ताच हो म्हणा, ताई."

"एवढे नकोत हो."

"पाच देतो म्हटलं नं मी."

कुसुमताई थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुमची एवढी इच्छा असेल तर." चंपतरावांना कोणी विकणाऱ्याने एवढे नकोत म्हटलेलं मी माझ्या आयुष्यात तेवढंच ऐकलं.

रिक्षात सुभद्राबाई म्हणाल्या, "पाच?"

"मंग त्याच्या हाती जाऊ देऊ का?"

"साडेचाराच्या आत पाह्यजे होती नं तुमाले."

त्यांनी रिक्षावाल्याला महालातून घे, झाशी राणी चौकाकडून कशाला आणलं, म्हणून झापायला सुरुवात केली.

घरात ठेवलेले पैसे चारापर्यंतच होते. उरलेले कुठून आले ते कोणी बोललं नाही. दोन दिवसांनी सुभद्राबाई नळावर साबण लावून हात चोळत बसलेल्या मला दिसल्या. त्या उठल्या तेव्हा हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या.

"पाटल्या कुठं?" मी विचारलं.

"ठेवल्या," त्या म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढे दिवा लावला तेव्हा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या, एवढं मात्र पाहिलं.

रिव्हॉल्व्हर घरी आली आणि गल्ली पाहायला लोटली. "केवढ्याले भेटली?" ह्याला चंपतरावांचं उत्तर तयार होतं.

"चाराले."

"काय म्हणता. चाराले?"

"बाईमाणूस होती. दिली."

पहिल्यांदा म्हणताना त्यांनी सुभद्राबाईकडे पाहिलं. नंतर नंतर पाहायचीही गरज राहिली नाही.

दसऱ्याला आम्ही सगळे पारशिवनीला गेलो. मी माझ्या आईकडे, ते समोर. पण पुरणाचं काम मोठं म्हणून मी सकाळपासून नानाजींच्याच स्वयंपाकघरात होते. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यात एक दार, त्यातून सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. लाल कापडावर यंदा दोन रिव्हॉल्व्हर होत्या, तलवारीच्या दोन बाजूंना. चंपतराव पितांबर नेसून आधीच येऊन उभे होते. यंदा दोघांकडेही हत्यार, म्हणजे मान पुन्हा थोरल्याचा. नानाजींनी तसं बोलूनही दाखवलं होतं. ओसरीत वीसेक माणसं होती.

नानाजींनी नवी वस्तू हातात घेऊन पाहिली. "चांगली हाय. केवढ्याची?"

"चाराची," चंपतराव म्हणाले.

"भैय्याजीची साडेचाराची होती नं?"

"हो."

"चंपतराव म्हणजे चंपतरावच," कोणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. चंपतराव खाली पाहून पितांबराची निरी सारखी करत होते. इतके सुखावलेले मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

भैय्याजी हसला. "नानाजी, पण चार कोणी केले ते विचारा नं भाऊले."

"कोणी केले?"

"मी. धंतोलीच्या डॉक्टरीणबाई आमच्या ओळखीच्या. मायचं ऑपरेशन नाही का झालं त्यांच्याकडं. प्रेमिला म्हणे भाऊले लायसन भेटलं, पण वस्तू भेटून नाही राहिली. म्हटलं चला, भाऊसाठी बोलून ठेवू. टोपलीभर संत्री नेली, गोड बोललो, चार म्हटलं. दसऱ्याले भेटले की भाऊले सांगतो म्हटलं. तं भाऊ आपले माझ्या आधीच जाऊन घेऊन आले. मी मागून गेलो तं बाई म्हणे, जुन्या शुक्रवारीच्या चंपतरावांनी नेली. म्हटलं घरातच गेली, झालं आपलं काम."

"मंग भाव तुयाच म्हणा नं," एक म्हातारा म्हणाला.

"भाव मायाच. नशीब भाऊचं," भैय्याजी म्हणाला, आणि सगळे हसले. त्याच्या मनात काही नव्हतं. तो खरोखर खूश होता.

मी चंपतरावांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. भैय्याजी आपल्यासाठी गेला होता, आपल्याशी स्पर्धा करायला नाही, हे एक. ते त्यांनी कसंबसं गिळलं असतं. पण चार हजार, जे त्यांनी दिलेही नव्हते, तेसुद्धा भैय्याजीचे निघाले. त्यांच्या खोट्या भावाचंही श्रेय साडूने नेलं.

"चार नाही देल्ले मी," ते म्हणाले.

ओसरीतल्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मी पाच देल्ले. चार तुयाच तोंडचे, माये पाच. बाई एवढे नोका देऊ म्हणे, तरी देल्ले."

सत्य बोलल्याबद्दल माणसाला पुण्य लागतं असं आम्ही लहानपणी शिकलो. पण ते सत्य केवळ साडूवर जळून बोललं तर देव त्याचं काय करत असेल, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आधी एकजण हसला, तोंडावर हात ठेवून. मग दुसरा. "साडूनं चाराले ठरवलेली पाचाले आणली," म्हातारा म्हणाला, "अन म्हणे आमचे चंपतराव भाव पाडते." मग हसू आवरलं नाही. भैय्याजी हसला नाही, तो गोंधळून चंपतरावांकडे पाहत राहिला, आणि त्याचं न हसणं हसण्यापेक्षा वाईट होतं. चंपतराव एक पाऊल मागे सरकले. पाट मोकळाच होता. आता ते त्यावर बसणार नाहीत हे सगळ्यांना दिसलं.

माझ्या शेजारून सुभद्राबाई उठल्या. हाताला कणीक होती. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, पाच द्या मीच म्हटलं ह्यायले," त्या म्हणाल्या. "वस्तू चांगली होती, जाऊ देऊ नोका म्हटलं. माया पाटल्या देल्ल्या मी."

त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. मी रिक्षात त्यांच्या शेजारीच बसले होते.

नानाजींनी लेकीच्या हातांकडे पाहिलं. त्या पाटल्या लग्नात त्यांनीच घातल्या होत्या. हसणारे कोपऱ्याकोपऱ्यात थांबले, कोणी तपकीर शोधायला लागलं, कोणी मुलांना बाहेर हाकललं.

"चंपतराव, बसा," नानाजी म्हणाले. त्यांनी जावयाचा दंड धरून त्यांना पाटापर्यंत आणलं. "मुहूर्त टळून राहिला."

चंपतराव बसले. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, दोन्ही रिव्हॉल्व्हरींना सारखंच. पूजा अगदी नीट केली, एक मंत्र चुकला नाही. तीन वर्षांनी पाट त्यांचा त्यांना मिळाला.

पण त्यानंतरचा सगळा दिवस सुभद्राबाईचा झाला. गल्लीतल्या बाया एकेक करून स्वयंपाकघरात आल्या. नवऱ्याच्या मानासाठी पाटल्या काढून दिल्या, असं म्हणत एकीने त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला माणसं आली, ती ओसरीत नानाजींना देऊन थेट आतल्या दाराशी येत. "घे बाई, तू तं खरंच सोनं देल्लं." म्हातारासुद्धा आला, ज्याने सगळ्यांना हसवलं होतं. सुभद्राबाईने पदराचा ओचा केला होता, तो भरून गेला.

प्रेमिलाला हे पाहवलं नाही. तिने भैय्याजी ऐकेल अशा बेताने मला म्हटलं, "आमच्या घरी कोणी मागतच नाही वं. आमच्या पाटल्या आपल्या हातातच पडून राहिल्या." भैय्याजीने ऐकलं. जेवताना तो बोलला नाही, आणि भैय्याजी न बोलता जेवलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला. ती गोष्ट चंपतरावांच्या लक्षात यायला हवी होती, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

परतीच्या एसटीत मी आणि आमचे हे मागच्या बाकावर होतो, ते दोघं पुढच्या. गाडीने कन्हान नदी ओलांडली.

"पाटल्यांचं सांगायची काय गरज होती तुले?" चंपतराव म्हणाले.

"तुमी पाच काहून सांगितले?"

"ते मी माझं सांगितलं."

"मी बी माझंच सांगितलं."

"मीच द्या म्हटलं म्हणे. कधी म्हटलं व्हतं तू?"

"नव्हतं म्हटलं."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग पुन्हा म्हणाले, "पूजा मी केली. अन सोनं सगळे तुलेच देऊन राहिले होते."

"हात रिकामे होते माये," सुभद्राबाई म्हणाल्या.

गाडी हेलकावे खात होती. चंपतरावांनी सदऱ्याच्या खिशातून आपली आपट्याची पानं काढली, मांडीवर पसरली, आणि बायकोच्या ओच्यात वाकून पाहिलं.

"किती झाली वं तुयी?"

"मोजली नाही," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि पदर वरून झाकून घेतला.